पाखरू उठलं, तर तुमीबी उठायचं

५ मार्च १९३८, शनिवार. बांबरगाळी

कौल मिळाला! उजव्या अंगाचं फूल पडलं!

सकाळपासून रवळनाथाच्या देवळात मांडी घालून बसलो होतो. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं — "बेळगावच्या ह्या पाव्हण्यास्नी तुज्या राईत बसून गरुडाचा फोटो काडायचा हाय, तुजी मर्जी असंल तर उजवं दे" — आणि मग सगळा गाव त्या फुलांकडं बघत राहिला. आमचे हेसुद्धा गप्प! लग्नाला अकरा वर्षं झाली, ह्यांना इतका वेळ गप्प बसलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

फूल पडल्यावर मारुतीराव उभे राहिले. ते इथले पंच. गेल्या पावसाळ्यात कोर्टाच्या तारखेला बेळगावात आले होते, तेव्हा आमच्या स्टुडिओत फोटोला बसले आणि जाता जाता बोलून गेले, "नवरानवरीचे फोटो काडून कट्टाळा येत न्हाय व्हय? आमच्या राईत या, गरुडाचं घरटं दावतो." तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही. आज मात्र मारुतीराव हसले नाहीत. म्हणाले, "देवानं उजवं दिलंय. पर आमची एक अट हाय. ते पाखरू राईचं राखणदार. तुमच्यापायी ते एकदा जरी घरट्यावरनं उठलं, तर तुमीबी उठायचं. पुन्ना राईत पाऊल न्हाय."

हे लगेच, "कबूल!"

एका जागी पाच मिनिटं न टिकणारा माणूस कबूल करतोय!

६ मार्च, रविवार

पाहिली! घरट्यावर बसलेली!

राईच्या वेशीवर एक दगड आहे, तिथं चपला काढायच्या. नुसत्या चपला नाहीत, चामड्याचं काहीही आत न्यायचं नाही. ह्यांनी चपला काढल्या, पैशांचं पाकीट ठेवलं, मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडला, आणि शेवटी कमरेचा पट्टाही! मग अख्खी राई एका हातानं विजार धरून चालले. मी पदर तोंडात कोंबून मागून.

ओढ्याच्या काठाला एक भलं उंच झाड आहे. घरटं त्याच्या वरच्या बेचक्यात. पण अलीकडचा उतार इतका चढा, की उतारावर उभं राहिलं की घरटं थेट डोळ्यांसमोर येतं. झाडावर चढायला नको की काही नको. आणि त्या काटक्यांच्या ढिगाऱ्यात ती बसली होती. चोच बुडाशी पिवळीधमक, डोळे पिवळे, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या पिसांचा तुरा मागे वळलेला. सर्पगरुड, हे म्हणाले. वर्षाला एकच अंडं घालते म्हणे. ते एक गेलं की वर्ष गेलं.

ह्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातून सगळी विद्या शिकून ठेवलीय. अंड्यावर असताना जवळ जायचंच नाही. पिल्लू बाहेर आलं की आई सहसा सोडून जात नाही, तेव्हाच बसायचं. तोवर उतारावर लांब एक फांद्यांची खोप उभी करायची आणि ती हळूहळू पुढं सरकवायची, म्हणजे तिला सवय होते. आणि खोपीत एकट्यानं कधीच शिरायचं नाही. दोघांनी आत जायचं, एकानं बोलत-खोकत बाहेर पडून निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही. तिला वाटतं, आलेले गेले!

"म्हणजे जाणारा माणूस लागतो," हे माझ्याकडं बघून म्हणाले.

समजलं. अकरा वर्षांची सवय आहे. मी जाणारी.

२९ मार्च, मंगळवार. बेळगाव

बाजाराला आलेल्या माणसाकडून मारुतीरावांचा निरोप. आम्ही उभारलेली खोप त्यांनी सरकवत निम्म्यावर आणली, पाखरू बसून आहे. हे आनंदानं गिऱ्हाइकालाच म्हणाले, "हनुवटी खाली, तुरा वर!"

सासूबाई दोन दिवस बोलत नाहीत. लग्नसराईत स्टुडिओ धाकट्या शरदभावजींवर टाकून रानात कशाला जायचं, हे त्यांना पटत नाही. मलाही कुणी नीट विचारलं असतं, तर कुठं सांगता आलं असतं?

९ एप्रिल, शनिवार

पिल्लू!!! मारुतीरावांचा निरोप आला.

१२ एप्रिल, मंगळवार. बांबरगाळी

नाचावं की रडावं!

आधी चांगलं. गावात लक्ष्मीची जत्रा यायचीय, म्हणून सगळा गाव मंगळवारचा वार पाळतोय. नांगर नाही, कोयता नाही, दळणकांडण नाही. रानात चिटपाखरू फिरकत नाही (म्हणजे माणूस, चिटपाखरं भरपूर). आम्हांला असाच शांत दिवस हवा होता. त्यावर सकाळी पारावर वाद! फोटो काढणं हे काम का? काम असेल तर वाराच्या दिवशी चालायचं नाही. हे तावातावानं सांगायला लागले की फोटो ही कला आहे, तपश्चर्या आहे. मारुतीरावांनी सगळं ऐकून विचारलं, "आत गेल्यावर तुमी करतासा काय?"

"बसतो."

"दिसभर?"

"दिवसभर."

"मग ते काम कसं म्हनायचं? बसा की!" सगळा पार हसला. ह्यांची तपश्चर्या तिथंच निकालात निघाली.

दोघं खोपीत शिरलो. खोप आता घरट्यापासून वीसेक हातांवर. तिवई लावली, कॅमेरा बसवला, भिंग फांद्यांतून बाहेर. मग मी बाहेर पडले आणि मोठ्यानं बोलत, काठी आपटत, राईबाहेर. काय बोलावं सुचेना, म्हणून पाढे म्हटले. एकोणतीसचा अजून येत नाही.

दुपारी ह्यांना आणायला गेले, तर चेहरा फुललेला. ती बसून होती. एक काच घेतली, म्हणजे एक फोटो. ह्यांनी मला तिथंच उतारावर नमस्कार केला, वेडे कुठले!

आता रडण्याचं. आम्ही उतरलोय मारुतीरावांच्या घरी. त्यांच्या आई, राजाबाई, चुलीपुढून उठून आल्या आणि कॅमेऱ्यावरून हात फिरवायला लागल्या. कौतुकानं. मग हात थांबला. वास घेतला.

"हे काय गं? ह्यो भाता कशाचा?"

चामड्याचा! कॅमेऱ्याचा अख्खा भाता, भिंगामागची ती घड्यांची नळी, चामड्याची, पेटीचा पट्टा चामड्याचा. एका हातानं विजार सावरत राईत शिरलेला हा धर्मनिष्ठ माणूस, आणि दुसऱ्या हातात सबंध शेळी!

दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. चामडं म्हणजे चप्पल, पट्टा, पाकीट. कॅमेरा म्हणजे कॅमेरा. ह्यांनी आयुष्यात त्याला चामडं म्हणून कधी पाहिलंच नाही.

संध्याकाळी पंच बसले. ह्यांचं तोंड एवढंसं. मारुतीरावांनी एकच विचारलं, "पाखरू उठलं?" नाही म्हटल्यावर थोडा वेळ दाढी खाजवली. "मग अट मोडली न्हाय. देवाला नारळ ठिवा, चुकी कबूल करा. पर चामडं आत न्हाय म्हंजे न्हाय."

१३ एप्रिल, बुधवार

हे सकाळपासून "परत जाऊ" म्हणतायत. चामड्याशिवाय भाता ऐकला नाही, कुणी करतही नाही, बेळगावात मिळायचा नाही, मुंबईहून मागवायचा तर पिल्लू उडून जाईल.

मी म्हटलं, "भाता म्हणजे काय हो? चुण्या घातलेला परकर. आडवा धरलेला."

माझ्याकडं असं बघितलं, जणू मी ते मासिकच फाडलं.

१५ एप्रिल, शुक्रवार

झाला! बोटांची चाळण, पण झाला!

ह्यांची छत्री उसवली. फोटो काढताना डोकं झाकायचं काळं कापडही घेतलं (कळवळले, पण दिलं). दोन पदर शिवले, खळीनं चिकटवले, मध्ये काचांच्या खोक्यांचा पुठ्ठा पट्ट्या कापून. चुण्या पाडताना राजाबाई समोर बसल्या होत्या. "जरा दाबून धर, आशी. आता ऊन दाव." वाळवून, घडी घालून, पुन्हा उलगडून. मग उन्हात धरून आतून डोकावलं, तर आत चांदणं! सुईची सगळी भोकं चमकतायत. काजळ आणि डिंक लावून एकेक बुजवलं. आता आत घुप्प अंधार.

ह्यांनी भाता दोनदा उलगडून मिटून पाहिला. मग म्हणाले, "तुला फोटोग्राफर करायला हवं होतं." हवं होतं काय? असो.

१९ एप्रिल, मंगळवार

कॅमेरा आज बुट्टीत घालून, वर केळीचं पान झाकून नेला. वेशीवर राजाबाईंनी स्वतः बुट्टी तपासली. पास!

आणि तरीही आज सगळं बुडणार होतं. हे शिंकले.

निपाणीची तपकीर! खोपीत न्यायची नाही अशी शपथ घातली होती मी. नेली नाही म्हणतात. पण सकाळी दोन चिमट्या ओढून गेले आणि दोन तासांनी नाक हुळहुळलं. तोंडात खांद्यावरचं उपरणं कोंबलं, नाक दाबलं, डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी बार उडालाच. तिचा तुरा पंख्यासारखा उभा राहिला. अंग उचललं. हे म्हणतात, "माझं काळीज थांबलं गं." मग तिनं पिल्लाकडं पाहिलं आणि परत बसली.

बसली म्हणून! नाहीतर आजच गाशा गुंडाळून बेळगाव.

मी बोलले. बरंच बोलले. एवढा गावाचा विश्वास, एवढं तिचं वर्षाचं एक पिल्लू, आणि ह्यांना चिमटीभर तपकीर सुटत नाही.

२० एप्रिल, बुधवार

तपकीर बंद. सकाळी डबी राजाबाईंच्या हवाली केली.

दुपार. डबी परत मागितली. डोकं दुखतंय म्हणे.

संध्याकाळ. ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. कितीतरी वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत. मग, "पुढच्या मंगळवारी तू बस. जाणारा मी होईन."

मी हो म्हटलं. आणखी बोलले असते तर रडू आलं असतं. गेले दोन मंगळवार काठी आपटत राईबाहेर जाताना मला एकच वाटायचं, मागे वळून पाहावं. हे ह्यांना कधी सांगितलं नव्हतं.

२६ एप्रिल, मंगळवार

कुठून सुरू करू!

आधी ह्यांचं जाणं. मी पाढे म्हणायचे, ह्यांनी नाटकातलं पद लावलं, आलाप, ताना सगळं, शिवाय मध्येच मला उद्देशून "चल गं, चल लवकर!" म्हणजे तिला वाटावं दोघंही चाललो. गाणं लांब लांब होत गेलं, आणि मग काहीच नाही. ओढ्याचं पाणी तेवढं. मी एकटी.

एकटी कधी असते मी? घरात सहा माणसं, खाली गिऱ्हाईक, मागे मोलकरीण. खोपीत बसल्यावर कळलं की मला शांत बसता येतं. छान येतं! मुंग्या चढल्या, पायाला रग लागली, मानेवर काहीतरी चालून गेलं, मी हलले नाही. कुणी हाक मारणार नव्हतं, कुणाला चहा नको होता.

भोकाला डोळा लावला. पिल्लू म्हणजे पांढऱ्या कापसाचा बोळा, त्याला दोन डोळे. आईच्या छातीखालून डोकं काढायचं, ती चोचीनं हळूच परत आत ढकलायची. पुन्हा काढायचं. खट्याळ आहे. मग वर आभाळात लांब शीळ आली आणि ती ताठ झाली. बाप आला! चोचीतून सापाची शेपटी लोंबतेय, बाकीचा साप गिळलेला. तिनं शेपटी चोचीत धरली आणि ओढायला लागली. ओढतेय, ओढतेय, साप संपतच नाही! आमच्या विहिरीचा दोर आठवला. हसू आवरेना, ओठ चावला. आणि कॅमेऱ्याचा रबरी गोळा दाबला.

दाबला! काच घेतली! नंतर आठवलं की श्वास घ्यायचा राहिलाय.

हे घ्यायला आले तेव्हा लांबूनच विचारत होते, "उठली? उठली का?" मी मान हलवली, नाही. मग मला रडू आलंच. आनंदाचं. ह्यांनी उपरणं पुढं केलं, त्याला तपकिरीचा वास.

२७ एप्रिल

स्वप्नातही सापच ओढत होते.

३ मे, मंगळवार

आज ऊन असं, की खोपीतली पानं चुरचुरत होती. बाराच्या सुमारास झाडाची सावली घरट्यावरून सरकली आणि पिल्लू उघड्यावर. चोच वासून धापा टाकायला लागलं. तिनं उठून — नाही, घरट्यातच उभी राहिली — दोन्ही पंख पसरले आणि सूर्याकडं पाठ केली. पिल्लू त्या सावलीत. ऊन सरकेल तशी ती पाय टेकत टेकत सरकायची, पंख तसेच उघडे. तिची स्वतःची चोच उघडी, जीभ दिसत होती. तहान लागली असणार. ओढा खाली वाहत होता आणि ती गेली नाही.

ती काच मी घेतली. पण घेतल्यावर बराच वेळ नुसती बघत बसले. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. तिच्याबद्दल मला फारसं काही आठवत नाही. आज तिथं बसून फार आठवण आली, न आठवणाऱ्या माणसाची.

१० मे, मंगळवार

राजाबाईंनी हट्ट धरला, "मला बी दाव." तिघं आत, हे गात बाहेर. माझ्या मनात धाकधूक, सत्तरीची बाई, खोकला आला तर? त्या अशा बसल्या की मीच चुळबुळी वाटावी. डोळा भोकाला लावून कितीतरी वेळ. मग माझ्या कानाशी, अगदी हळू, "सासुरवाशीण दिसतीया. उठाय येळ न्हाय."

मी उपरणं तोंडात कोंबलं. आता तेही माझ्याकडंच असतं.

पिल्लाला तपकिरी पिसं फुटलीत. घरट्याच्या काठावर उभं राहून पंख झाडतं, तोल जातो, बसतं. आईला काही कौतुक नाही. पुन्हा उभं राहतं.

१७ मे, मंगळवार

शेवटचा दिवस. परवा निघायचं, स्टुडिओत शरदभावजी रडकुंडीला आलेत.

मारुतीराव वेशीपर्यंत आले. "उठलं न्हाय न्हवं?" "नाही." "येकदाबी?" "एकदाही नाही." तेव्हा कुठं हसले. "लई झाक. मग पुढल्या साली बी या." हे म्हणाले, पुढच्या साली ही एकटी येईल, मी नुसता गायला येतो. मारुतीराव म्हणाले, "गानं तेवडं नगं." आम्ही तिघंही हसलो.

खोप मोडली नाही. आपोआप वाळून पडेल म्हणाले.

२१ मे, शनिवार. बेळगाव

काचा अजून धुतल्या नाहीत, म्हणजे फोटो अजून कुणीच पाहिलेले नाहीत. गावातलं पाणी कोमट, असल्या उन्हाळ्यात काचेवरचा लेप सुटून येतो, म्हणून सगळ्या तशाच बंद आणल्या. आता रांजणात पाणी गार होतंय. हे दर तासाला बोट बुडवून बघतात. लहान मुलाला खीर निवते का बघावी तसं.

देवा, माझा भाता गळका नको निघू दे.

२२ मे, रविवार

गळका नाही. सगळ्या काचा आल्या. स्वच्छ, पिसन् पिस.

डार्करूममधून हे ओले हात तसेच घेऊन बाहेर आले आणि मला भिंग दिलं. उजेडात एकेक काच धरून मी बघत गेले. पंख पसरलेली, थेट आमच्याकडं बघतेय. चोचीत साप, बाप शेजारी, आणि नजर आमच्याकडं. शिंकेच्या दिवशीची. पहिल्या मंगळवारची, मी पाढे म्हणत राईबाहेर गेले होते तेव्हाची. प्रत्येक काचेत तिचे दोन्ही डोळे सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात. मला खोपीतून वाटायचं, ती ओढ्याकडं बघतेय.

पानं, फांद्या, गाणी, एक आत एक बाहेर. लपलो होतो ते आमच्यापुरते. तिनं आम्हांला बसू दिलं होतं.